पाठ केलेलं खंडन

आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धेचा संघ म्हणजे दोन बोलणारी मुलं आणि एक राखीव. राखीव म्हणजे पाण्याची बाटली धरणारी. नववीत मी राखीव होते आणि मला त्याचा राग होता. तो राग अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं वाचताना कुणाला असं वाटायला नको की मी सगळं हसून विसरले.

मी मूळची जत तालुक्यातली. आई कानडी, बाप मराठी, त्यामुळं घरात एका वाक्याला दोन्ही भाषा लागायच्या. आठवीपर्यंत गावातच होते, नववीला आत्याकडं माधवनगरला आले. आत्या यंत्रमागावर कामाला जायची आणि उरलेल्या वेळात बायकांची एक संघटना चालवायची. संघटना म्हणजे मूठभर बायका, एक सतरंजी आणि एका झेरॉक्सवाल्याची मेहरबानी. माझं अक्षर बरं म्हणून पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या पत्रकाची सुरुवात मी 'सन्माननीय नागरिक बंधू-भगिनींनो' अशी केली. आत्यानं ती ओळ आडवी खोडली.

"ह्ये वाचेपातुर बाई भाजी घिऊन घरी पोचंल. पयल्या वळीत सांग काय पायजे. बाजारातल्या संडासाला दार पायजे. लिही."

मी लिहिलं: 'बाजारातल्या बायकांच्या संडासाला दार नाही. दार हवं. कधी बसवणार?' पत्रक संपलं. दिवाळीच्या आत दार बसलं. तेव्हापासून माझा असा समज झाला की जगात बोलायची हीच एक पद्धत आहे. समोरच्याचं एक वाक्य किंवा एक गोष्ट पकडायची, तिच्यावर बोट ठेवायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

असा समज घेऊन मी वादविवाद संघाच्या निवडीला गेले.

निवड घेणारे आमचे मराठीचे सर. जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. त्यांच्या मुलांनी आणलेले करंडक मुख्याध्यापकांच्या कपाटात मावत नव्हते. सरांच्या खिशाला कायम तीन पेनं. निळं पेन भाषण लिहायला. लाल पेन हावभाव लिहायला, म्हणजे कंसात '(इथे उजवा हात वर)', '(इथे आवाज कापरा)'. आणि हिरवं पेन खंडनासाठी. भाषण सर लिहिणार, मुलं पाठ करणार, शाळा जिंकणार. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लेकरानं स्टेजवर स्वतःचं बोलायचं असतं, हे कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"कशावरही बोल," सर म्हणाले.

मी शाळा बंद होत्या त्या काळाबद्दल बोलले. आमच्या गावात फोनला रेंज फक्त टेकडीवर, बिरोबाच्या देवळामागं. आत्यानं ओळखीनं माझा नंबर माधवनगरच्या शाळेच्या ग्रुपमध्ये घातला होता. मी आईचा फोन घेऊन टेकडीवर जायची आणि तिथं बसून या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंचा तास ऐकायची. बाई विजेचं सर्किट शिकवत होत्या तवा आमच्या गावात वीज नव्हती. हे सांगताना मी हसले. निवडीला आलेल्या पोरीही हसल्या, पण माझ्या 'तवा'ला.

सर हसले नाहीत. त्यांनी निळं पेन काढून काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "आवाज चांगला आहे. धीट आहेस. पण भाषा धुऊन आणावी लागेल. कानडी हेल आहे, 'न्हाई' आहे, 'हाय' आहे. या वर्षी राखीव राहा. ऐकत जा."

ऐकत जा म्हणाले, म्हणून मी ऐकलं. पुढं जे झालं ते सरांच्याच शब्दानं झालं.

आता ही स्पर्धा कशी असते ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. प्रत्येक शाळेचे दोन स्पर्धक. एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरुद्ध. दोघंही एकाच शाळेचे, दोघांचे गुण एकत्र, आणि ज्यांची बेरीज जास्त त्या शाळेला फिरता करंडक. म्हणजे तुमचा जोडीदारच स्टेजवर तुमचा विरोधक. आमची विरुद्ध बोलणारी माझ्याच वर्गातली होती. तिच्या वडिलांचं सांगलीत गाद्या भरायचं दुकान. ही गादीवाल्याची पोर एकदा ऐकलेलं कधी विसरायची नाही. बसमधल्या दोन बायकांचं भांडण ती शाळेत येऊन श्वासासकट म्हणून दाखवायची. सरांचं भाषण तिच्या तोंडी दिलं की वाटायचं, हे हिलाच सुचलं असणार. बाजूनं बोलणारा दहावीतला एक मुलगा होता.

राखीव म्हणून माझं काम म्हणजे सरावाला कागद धरून बसायचं आणि कुणी अडखळलं तर पुढचा शब्द द्यायचा. त्यामुळं दोन्ही भाषणं मलाच सगळ्यात आधी पाठ झाली. विषय होता: 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन शिक्षण हा शाळेला सक्षम पर्याय आहे.' विरुद्ध बाजूच्या भाषणात निळ्या शाईत एक उतारा होता.

'जतच्या उजाड माळरानावर एक मुलगी आहे. हातात आईचा फोन, पायात चप्पल नाही. ती बिचारी मुलगी एकटी टेकडीवर बसून अश्रू ढाळते.' आणि पुढं लाल शाईत: '(इथे डोळे पुसणे)'.

मी चार वेळा वाचलं. चप्पल होती. नवी होती.

गादीवाल्याच्या पोरीला मी विचारलं, "ही कोण म्हाईत हाय का तुला?"

"कोण?"

"मी."

ती कागदाकडं बघत राहिली. "या अल्ला! आणि मी तुला रोज रडून दाखवतीया?"

"लय चांगली रडतीस."

"मग तू का न्हाई म्हणत हे?"

"माझी भाषा धुवायला टाकलीया," मी म्हणाले.

पण त्याहून मोठा घोळ हिरव्या शाईत होता. 'माझ्या मित्राने आत्ताच असे प्रतिपादन केले की, ऑनलाइन शिक्षणाने वेळ वाचतो. माझ्या मित्राला मी विचारू इच्छिते...' हे खंडन. स्पर्धा पंधरवड्यावर, मित्र कोण ते ठाऊक नाही, तो काय बोलणार ते ठाऊक नाही, आणि त्याला दिलेलं उत्तर आमच्या पोरीला पाठ!

मी सरांना विचारलं, "सर, त्यो आसं म्हणालाच न्हाई तर?"

"म्हणणारच," सर शांतपणे म्हणाले. "सगळे तेच म्हणतात. इतकी वर्षं भाषणं लिहितोय मी."

सांगलीच्या स्पर्धेला मी बाटली घेऊन गेले आणि सरांचं म्हणणं किती खरं आहे ते डोळ्यांनी पाहिलं. सगळे तेच म्हणत होते, कारण सगळ्यांच्या सरांनी तेच लिहिलं होतं. आणि सगळे न झालेल्या बोलण्याला उत्तर देत होते. एक मुलगा 'माझी मैत्रीण आत्ताच म्हणाली' म्हणून जोरात हात उडवत सुटला. त्याच्या आधी बोललेला चांगला मिसरूड फुटलेला गडी होता. तो खाली बसून आपल्याकडंच बघत राहिला. सभागृह हसलं नाही, टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. एवढी पोरं, एवढे घसे, एवढी घोकंपट्टी, आणि अख्ख्या सभागृहात ऐकतंय कोण? कुणीच नाही. वादविवाद म्हणतात याला? लग्नात दोन बँड एकमेकांसमोर उभे राहून वाजवतात, तसलं हे.

आमची शाळा पहिल्या काही शाळांत आली आणि साताऱ्याच्या पुढच्या फेरीला निवडली गेली. बसस्टँडवर उभ्या उभ्या मी सरांना सगळं सांगून टाकलं. बँडचं उदाहरणही दिलं.

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बोलणं सोपं असतं. स्टेजवर उभी राहशील तेव्हा कळेल."

"उभी करा की मग."

ते बसच्या पाट्या वाचायला लागले. पण नशिबाला माझी भाषा चालत असावी. दहावीच्या मुलाला त्याच्या घरच्यांनी क्लासचं कारण सांगून संघातून काढलं. "बोलून कुठं टक्के मिळतात," असं त्याचे वडील शाळेत येऊन सांगून गेले. सरांकडं दुसरं कुणी नव्हतं. मला ऑफिसबाहेर बोलावून त्यांनी भाषण हातात दिलं.

"बाजूनं बोलायचंय तुला. ऑनलाइनच्या बाजूनं."

मी! टेकडीवर बसून जिनं रेंजला शिव्या घातल्या ती मी!

"आणि ऐक," सर म्हणाले, "लिहून दिलंय तेवढंच बोलायचं. एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर पुढच्या स्पर्धेला परत बाटली."

घरी आत्याला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "आवं वकीलबाई, उलट्या बाजूनं बोलाय येतंय का बघ की आदी. आपलं म्हननं कुनालाबी बोलाय येतंय."

हे माझ्या डोक्यात बसलं. सरांचं भाषण मी पाठ केलं. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं, हात जिथं वर करायचा तिथं केला. आणि रोज झोपायच्या आधी स्वतःला विचारत राहिले, या बाजूला खरंच काही आहे का? असेल तर ते काय? टेकडीवर मी रडत नव्हते, मग करत काय होते?

साताऱ्याला आम्ही सकाळच्या एसटीनं पोचलो. एका कॉलेजचं सभागृह, पुढं खुर्च्यांवर तीन परीक्षक. मधल्या परीक्षक बाई वयानं मोठ्या, केस आखूड कापलेले. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "एक सूचना. प्रत्येकानं आपल्या लगेच आधी बोललेल्या स्पर्धकाच्या निदान एका मुद्द्याचं खंडन करायचं आहे. त्यानं खरोखर मांडलेल्या मुद्द्याचं. त्याला वेगळे गुण आहेत."

सभागृहात कागदांची अशी फडफड झाली की पारवे उडाल्यासारखं वाटलं. एक शिक्षक उठून म्हणाले, "मॅडम, हे आधी कळवायला हवं होतं. मुलांची तयारी झालेली आहे."

"कशाची? ऐकायची?" बाईंनी विचारलं. शिक्षक बसले.

मी मनातल्या मनात त्या बाईंच्या पाया पडले.

मग चिठ्ठ्या निघाल्या. एक बाजूनं, एक विरुद्ध, असा क्रम. फलटणकडच्या एका शाळेचा मुलगा बाजूनं. त्याच्यानंतर विरुद्ध आमची गादीवाल्याची पोर. आणि तिच्यानंतर बाजूनं मी. म्हणजे मला खंडन करायचं ते माझ्याच जोडीदारणीचं.

सर आमच्या रांगेत वाकून आले. घाम आला होता त्यांना. "हे बघा, आपल्याच मुलीला पाडायचं नाही. गुण एकत्र आहेत. तू आपलं वरवर काहीतरी म्हण आणि पाठ केलेल्यावर ये. कळलं? वरवर." आणि मागं जाऊन बसले.

गादीवाल्याच्या पोरीनं माझा हात धरला. "माझं काय व्हनार गं? मला पाठ केलेलं बोलाय येतंय. ऐकून बोलाय न्हाई येत."

"तुला एकदा ऐकलेलं पाठ व्हतंय की न्हाई?"

"व्हतंय."

"मग त्येचं एकच वाक्य पकड. लांब न्हाई, बारकं. हाय तसं परत म्हण. मग त्येला एक प्रश्न इचार. झालं. आमी पत्रक असंच लिवतो."

"आणि तू? माझं काय करनार?"

मी हातातल्या भाषणाची घडी घातली. ती माझ्याकडं बघून हसली. त्या बिचाऱ्या मुलीचा उतारा तिलाच तर म्हणायचा होता. "सोडू नकोस," ती म्हणाली. "वरवर केलंस तर बग."

फलटणचा मुलगा उठला. चांगला बोलला, छाती काढून. "आज जगातलं सगळं ज्ञान आपल्या खिशात आलं आहे!" टाळ्या.

आमची पोर माइकपाशी गेली. मग त्याच्याच आवाजात, त्याच्याच छातीनं: "माझा मित्र आत्ताच म्हणाला, 'आज जगातलं सगळं ज्ञान आपल्या खिशात आलं आहे!' माझा त्याला एकच प्रश्न आहे. आम्हा मुलींच्या युनिफॉर्मला खिसा नसतो. आम्ही ज्ञान कुठं ठेवायचं?"

सभागृहातल्या सगळ्या पोरी एकदम उसळल्या. मागं कुणीतरी शिट्टी मारली. फलटणचा मुलगाही हसत होता आणि स्वतःच्या खिशात हात घालून बघत होता. परीक्षक बाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. त्या पोरीला स्वतःलाच इतका आनंद झाला की पुढचं पाठ केलेलं भाषण तिनं कधी नव्हे इतकं छान म्हटलं. जतचं माळरान आलं, आईचा फोन आला, आणि ती बिचारी मुलगी टेकडीवर बसून रडली. डोळे पुसले. घंटा झाली.

माझं नाव पुकारलं.

पायऱ्या चढताना सर दिसले. दोन्ही तळवे खाली दाबून ते खूण करत होते: वरवर, वरवर. माझ्या पुढ्यात दोन वाटा होत्या. एका वाटेला संघातली माझी जागा शाबूत होती. दुसरीच्या टोकाला पाण्याची बाटली होती.

मी माइक खाली ओढला. सभागृहात सगळे अजून त्या मुलीसाठी हळहळत होते.

"माझी मैत्रीण आत्ताच म्हणाली, 'ती बिचारी मुलगी एकटी टेकडीवर बसून अश्रू ढाळते.' माझा तिला एकच प्रश्न. तिला रडताना कुणी बघितलं?"

परीक्षक बाईंनी मान वर केली.

"कारण ती मुलगी मी हाय. पायात चप्पल होती. आणि मी रडत न्हवते, विज्ञान शिकत होते."

'हाय' निघून गेलं तोंडातून. मी ते परत धुतलं नाही.

"आमच्या गावच्या शाळेला भिंती हायत. फळा हाय. पत्रा नवा हाय. विज्ञानाचा शिक्षक न्हाई. शाळा बंद व्हायच्या आधीबी न्हवता आणि उघडल्यावरबी आला न्हाई. तुमी मला भिंत दिली, शिक्षक दिला न्हाई. फोननं मला शिक्षक दिला, भिंत दिली न्हाई. आता तुमी सांगा, शाळा कशाला म्हणायचं?"

कुणीतरी मागून टाळी वाजवायला लागलं. मी हात वर केला, थांबा म्हणून. लाल शाईत तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"माझी मैत्रीण असंबी म्हणाली, 'ऑनलाइन शिक्षण ही गरिबांची थट्टा आहे.' थट्टा हाय की. पण ती थट्टा टेकडीवर चाललेली न्हाई. ती खाली, गावात, रिकाम्या वर्गात चाललीया. त्या वर्गासाठी कुणी डोळे पुसत न्हाई."

मग टाळ्या थांबेनात. मी पुढं सरांचं भाषणही म्हटलं, अर्धं. उरलेलं म्हणायची गरज पडली नाही. खाली बघितलं तर गादीवाल्याची पोर स्वतःच्या मुद्द्याचं वाटोळं झाल्याचा आनंद दोन्ही हातांनी साजरा करत होती. एवढं मन लावून हरलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मला विचाराल तर फोन म्हणजे शाळा नव्हे, हे मी आजही म्हणेन, आणि कुणी फोन दाखवून शाळा बंद करायला आला तर त्याच्या दारात पहिलं पत्रक माझं असेल. पण मला दिलेल्या उलट्या बाजूत एक खरी गोष्ट पडली होती. ती माझ्याशिवाय त्या सभागृहात कुणाला सापडणार नव्हती, आणि मी पाठ केलेलं म्हणत बसले असते तर मलाही सापडली नसती.

निकाल लागला. वैयक्तिक पहिला नंबर गादीवाल्याच्या पोरीचा, दुसरा माझा. दुसरा का, हे मी आजही विचारू शकते, पण त्या खिशाच्या वाक्याला मीच पैकीच्या पैकी दिले असते. आणि फिरता करंडक आमच्या शाळेला. परीक्षक बाईंनी तो आमच्या हातात देताना एवढंच विचारलं, "तुम्ही दोघी खरंच एकाच शाळेच्या?"

"व्हय मॅडम," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

परतीच्या एसटीत करंडक माझ्या मांडीवर. कंडक्टर तिकिटं काढत आला, करंडकाकडं बघून म्हणाला, "ह्येला आर्दं काढू का फुल्ल?"

"फुल काढा," गादीवाल्याची पोर म्हणाली, "आज त्याचा मान हाय."

सर पुढच्या सीटवर होते. सातारा सुटल्यापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते आणि पाण्याची बाटली कुठल्या पिशवीत आहे याचा विचार करत होते. कराड गेल्यावर ते वळले.

"ते भिंतीचं वाक्य. कुठं वाचलंस?"

"कुठं न्हाई. सुचलं."

"कधी?"

"हिचं ऐकताना."

सरांनी खिशातून हिरवं पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "लिहून दे. पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

"न्हाई सर."

"का?"

"तुमी पाठ करून घ्याल."

गादीवाल्याच्या पोरीनं करंडकात तोंड घालून हसू दाबलं, तर ते आतून दुप्पट मोठं होऊन बाहेर आलं. सरांना राग आला असावा. त्यांचे कान लाल झाले होते. पण मग तेही हसले. तीन पेनांच्या त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"मग खंडनाच्या जागी मी काय लिहू?"

"काय बी लिवू नका. जागा सोडा."

पुढच्या स्पर्धेची भाषणं सरांनी वर्गात आणून दिली. माझ्या हातात बाटली दिली नाही, कागद दिला. निळ्या शाईत भाषण होतं, पूर्वीसारखंच, जरा लांबच. हिरव्या शाईची जागा कोरी होती. आणि तिच्याखाली लाल शाईत, सरांच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: '(इथे ऐकणे)'.